अमेरिका-चीनच्या बातम्या बघते. यात करिअर आहे का?

पत्र : माझी मुलगी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. अमेरिका, चीन, श्रीलंका, मालदीव, आफ्रिका यांवरचे व्हिडिओ तासन्‌तास बघते. तिला संरक्षण आणि सामरिकशास्त्रात एम.ए. करायचं आहे. तिचे बाबा म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे. या क्षेत्रात पोट भरेल का?
– एक आई, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर :

ताई, पोट भरेल, पण नुसत्या एम.ए.च्या पदवीवर नाही. या विषयाची आवड असलेली मुलं पुण्यात पुष्कळ आहेत. काम मिळतं ते एखादी गोष्ट मुळापासून तपासता येणाऱ्याला. तुमच्या मुलीला हे जमतं का, ते प्रवेशाआधीच कळू शकतं.

तिला एक काम द्या. हंबनटोटा बंदराची गोष्ट तिनं ऐकली असेलच: चीननं कर्ज दिलं, श्रीलंकेला फेडता आलं नाही, म्हणून चीननं बंदर घेतलं. ही गोष्ट तिनं आकडे शोधून तपासावी. तिला दिसेल की पहिल्या टप्प्यासाठी चीनच्या एक्झिम बँकेनं (परदेशांना कर्ज देणारी सरकारी बँक) २००७ मध्ये ३० कोटी ७० लाख डॉलर ६.३ टक्के व्याजानं दिले. डिसेंबर २०१७ मध्ये बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं एका चिनी कंपनीकडे गेलं आणि श्रीलंकेला ११२ कोटी डॉलर मिळाले. पण हे पैसे बंदराच्या कर्जात वळते झाले नाहीत. ते परकीय चलनाच्या गंगाजळीत गेले, कर्ज श्रीलंकेच्या डोक्यावर तसंच राहिलं. २०२२ मध्ये श्रीलंकेनं परकीय कर्ज फेडता येत नाही म्हणून हात वर केले, त्यामागे आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या रोख्यांचा बोजा मोठा होता. म्हणून चीनकडे निर्धास्तपणे बघावं असं मुळीच नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘युआन वांग ५’ हे उपग्रह आणि क्षेपणास्त्रांचा माग काढणारं चिनी जहाज त्याच बंदराला लागलं, तेव्हा दिल्लीची चिंता रास्तच होती. म्हणजे धोका खरा, पण त्याचं सांगितलं जाणारं कारण अर्धवट. हे दोन्ही एका पानात, आकड्यांसह आणि आवाज न चढवता मांडता येणं हे या क्षेत्रातलं मूळ कौशल्य आहे. दोन-तीन आठवडे यात तिचं मन रमलं, तर पुढे जायला हरकत नाही. कंटाळली, तर आवड बातम्यांपुरती आहे असं समजा. त्यात कमीपणा काहीच नाही.

आकडे फुकट मिळतात. देशांच्या कर्जाचे जागतिक बँकेकडे, शस्त्रखरेदीचे स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेकडे, भारताच्या मदतीचे परराष्ट्र मंत्रालयाच्या अर्थसंकल्पी मागण्यांत आणि लोकसभेतल्या प्रश्नोत्तरांत. मालदीवचंच बघा. तिथल्या सरकारच्या मागणीवरून मे २०२४ पर्यंत भारतीय सैनिक परतले, त्यांच्या जागी तंत्रज्ञ गेले. तरी जुलैच्या अर्थसंकल्पात मालदीवसाठी ४०० कोटी रुपये होते, आणि ऑक्टोबरमध्ये भारतानं ४० कोटी डॉलरच्या चलन-अदलाबदलीची सोय करून दिली. संबंध ताणलेले असताना हात आखडता का घेतला नाही? एम.ए.च्या प्रबंधिकेचा (छोट्या प्रबंधाचा) विषय असा प्रश्नातून निघतो. ‘चीनचा वाढता प्रभाव’ हा विषय घेतला की दोनशे पानं होतात आणि हाती काही लागत नाही.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एक प्रदेश आणि एक हत्यार निवडायला सांगा. हत्यार म्हणजे भाषा, अर्थशास्त्र, उपग्रहचित्रांचं वाचन किंवा सागरी कायदा. सगळ्या जगावर बोलणाऱ्याला जग नोकरी देत नाही. पुण्यात राहून सहज जमणारी एक जोडी म्हणजे हिंद महासागराचा पश्चिम भाग आणि फ्रेंच. मॉरिशस, मादागास्कर, कोमोरोस, सेशेल्स, जिबूती, सगळीकडे फ्रेंच चालते. जिबूतीसारख्या चिमुकल्या देशात अमेरिका, फ्रान्स, जपान, इटली आणि २०१७ पासून चीन, सगळ्यांचे लष्करी तळ आहेत. मॉरिशसच्या आगालेगा बेटावर भारतानं बांधलेली धावपट्टी आणि धक्का फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. या देशांतली फ्रेंच वर्तमानपत्रं मुळातून वाचणारी मुलं आपल्याकडे फार थोडी आहेत. फ्रेंचसाठी रानडे इन्स्टिट्यूट आणि आलियाँस फ्राँसेज हे दोन्ही पर्याय पुण्यात आहेत. मुलं ए२ या प्राथमिक पातळीला थांबतात, तिथंच घात होतो, कारण तेवढ्यावर बातमीसुद्धा वाचता येत नाही. बी२ ही वरची पातळी गाठायला साधारण ५०० ते ६०० तास लागतात. रोज एक तास दिला, तर एम.ए.ची दोन वर्षं पुरतात.

प्रवेशासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संरक्षण आणि सामरिकशास्त्र विभाग आणि सिम्बायोसिसची आंतरराष्ट्रीय अभ्यासाची शाळा, हे दोन्ही गावातच आहेत. शुल्कात फरक बराच आहे. दिल्लीत जेएनयूसाठी सीयूईटी पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिचे अर्ज तिसऱ्या वर्षाच्या निकालाच्या कितीतरी आधी बंद होतात, निकालाची वाट बघणाऱ्यांचं वर्ष जातं.

नोकऱ्यांचं स्पष्टच सांगते. शिक्षण-संशोधनाची वाट नेट या प्राध्यापक-पात्रता परीक्षेतून जाते. तिथं ‘संरक्षण आणि सामरिक अभ्यास’ हा स्वतंत्र विषय आहे. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली, तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं भत्ता मिळतो. दिल्लीतली मनोहर पर्रीकर संस्था, नॅशनल मेरिटाइम फाउंडेशन, मुंबईतलं गेटवे हाउस अशा संरक्षण-परराष्ट्र धोरणाच्या अभ्याससंस्थांत जागा मोजक्या असतात. एकच मेल चाळीस ठिकाणी पाठवून उत्तर येत नाही. पाच ठिकाणं निवडावीत, त्यांनी काय छापलंय ते वाचावं आणि सोबत स्वतःचा १,२०० शब्दांचा, प्रत्येक आकड्याचा आधार दिलेला लेख जोडावा. परराष्ट्र सेवेसाठी यूपीएससी आहे, खुल्या गटाला ३२ वर्षांपर्यंत सहा संधी. मात्र किती वेळा बसायचं ते आधीच घरात बोलून ठरवा. दोनदा बसावं असं माझं मत.

कंपन्यांतल्या कामाकडे पुण्यातले पालक बघतच नाहीत. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, युरोपची खेप दहा ते चौदा दिवसांनी लांबली, विमा महागला. चाकणहून न्हावाशेवामार्गे सुटे भाग पाठवणाऱ्या कारखान्याला याची झळ थेट बसते. मालवाहतूक, विमा, जोखीम-सल्ला इथं असा अंदाज बांधणारी माणसं लागतात, पण त्यांना एक्सेल आणि व्यापाराची भाषा यावी लागते.

आता तिच्या बाबांचं म्हणणं. ते डावलू नका. आयबीपीएसच्या पीओ (बँक अधिकारी) परीक्षेला ३० वर्षांपर्यंत बसता येतं, म्हणजे दोन वर्षांच्या एम.ए.नं ते दार बंद होत नाही. आणि भारताची एक्झिम बँक सरकारच्या वतीनं आफ्रिका-आशियातल्या देशांना कर्ज देते. रेल्वे, वीज, पाणी यांचे प्रकल्प त्यावर उभे राहतात. चीनच्या एक्झिम बँकेशी तिची तुलना रोज होते. भारताच्या या बँकेत संशोधनाच्या कामाला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी विचारतात. मुलीची गणिताशी मैत्री असेल, तर सामरिकशास्त्राच्या अर्जासोबत गोखले संस्थेच्या अर्थशास्त्राचाही अर्ज भरा. बाबांना हंबनटोटाचं ते एक पान वाचायला द्या आणि मग तिघं मिळून ठरवा.