पहिली बिअर ६ ब्रिक्सवर अडकली, बाटलीत भरू का?

घाई नको. १२ ब्रिक्सने (ब्रिक्स म्हणजे द्रवातल्या साखरेचं माप) सुरुवात, दहा दिवस झाले, बुडबुडे थांबले आणि काटा ६ वर, असं तुम्ही लिहिलंय. मापलंत कशाने? नाशिकमध्ये द्राक्षबागेतला रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून वाकणाऱ्या प्रकाशावरून साखर मोजणारं यंत्र) घरोघरी सापडतो, म्हणून विचारतो. तो द्राक्षाच्या रसाला ठीक. पण अल्कोहोल तयार झालं की तो साखर जास्त दाखवतो. १२ ने सुरू झालेली बिअर पूर्ण आंबली तरी तो सहाच्या आसपासच थांबतो! मीही यात फसलो होतो, उगाच जादा यीस्ट ओतलं.

हायड्रोमीटर आणा, म्हणजे द्रवात तरंगून घनता दाखवणारी काचेची नळी. घनता १.०१० ते १.०१४ आणि सलग तीन दिवस तेवढीच, तर भरा. १.०२० वर असेल तर खरंच अडकलीय. पिंप हलक्या हाताने फिरवा, तापमान २०-२२ अंशांवर ठेवा, आठवडाभर थांबा. अर्धवट आंबलेली भरलीत तर बाटल्या फुटतात, काचा छतापर्यंत.

भरताना लिटरला ६ ग्रॅम साखर पुरे. थोडी बिअर एका प्लास्टिकच्या सोडा बाटलीत भरा, ती दाबून कडक लागली की गॅस झाला.

कुजक्या अंड्यासारखा वास आला तर तो बहुधा आपोआप जातो. आंबट, व्हिनेगरसारखा असेल तर मोरीत ओता.

आणि हो, महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं दारूबंदी कायद्यात बसत नाही, तेवढं आधी बघा.