साहेब मनाने चांगले आहेत, मग तक्रार कशी करू?

"साहेब मनाने वाईट नाहीत हो. त्यांच्यावर भेदभावाचा आळ कसा घेऊ?" अनेक नोकरदारांचं पाऊल नेमकं इथेच अडखळतं. हे विचारणाऱ्या बाई एका खासगी कंपनीत हिशेब पाहतात. दोन्ही कानांना यंत्र आहे, तरी समोरच्याचे ओठ दिसल्याशिवाय त्यांना बोलणं नीट कळत नाही. टीमच्या मीटिंग ऑनलाइन झाल्या आणि नेट अडकतं म्हणून सगळ्यांचे कॅमेरे बंद राहू लागले. अप्रेझलमध्ये शेरा आला, 'मीटिंगमध्ये सहभाग कमी'. पगारवाढ घटली.

मुद्दाम कुणीच काही केलं नव्हतं. पण कायदा फक्त हेतू पाहत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या भेदभावाच्या व्याख्येत उद्देश किंवा परिणाम, दोन्ही धरले आहेत. वाजवी सोय, म्हणजे दिव्यांग व्यक्तीला बरोबरीने काम करता यावं म्हणून अवाजवी बोजा न पडता करता येणारा बदल, नाकारणं हाही भेदभावच. लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांच्या नितिशा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अप्रत्यक्ष भेदभावाचं तत्त्व मान्य केलं: नियम सगळ्यांना सारखा असला, तरी त्याचा फटका कुणाला बसतो ते बघायचं. म्हणजे साहेबांना दोषी न ठरवताही हक्क मागता येतो. हे कळल्यावर बाई मोकळेपणाने बोलू लागल्या.

एचआरला पाठवायच्या मेलच्या त्यांच्या पहिल्या मसुद्यात 'तुम्ही माझ्यावर अन्याय केलात' असं होतं. ते काढलं. असं वाक्य वाचलं की एचआर मागितलेल्या सोयीचा विचार सोडून स्वतःच्या बचावाला लागतं. नव्या मेलमध्ये कोणत्या तारखेच्या मीटिंगमध्ये काय कळलं नाही ते लिहिलं आणि नेमकं मागितलं: बोलणाऱ्याचा कॅमेरा चालू, कॅप्शन सुरू, विषय आदल्या दिवशी, निर्णय त्याच दिवशी लेखी. कंपनीवर अवाजवी बोजा पडेल असं यात काहीच नाही. सोबत दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, रेटिंग पुन्हा तपासण्याची विनंती आणि समान संधी धोरणाची प्रत मागणारी एक ओळ. हे धोरण खासगी आस्थापनांनाही बंधनकारक आहे. २० किंवा जास्त कर्मचारी असतील, तर त्यात दिव्यांग कर्मचाऱ्यांची भरती आणि सोयी पाहणाऱ्या संपर्क अधिकाऱ्याच्या नेमणुकीची तरतूद असावी लागते.

बोलणं तोंडी झालं, तर त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेल टाकाच, नाहीतर पुढे पुरावा उरत नाही. चिडून आधी राजीनामा देऊ नका. आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे, भेदभावापासूनच्या संरक्षणासाठी नाही. प्रमाणपत्रावर आकडा कमी म्हणून गप्प बसणारे फार भेटतात.

कॅप्शन आणि कॅमेरे लगेच सुरू झाले. रेटिंगवर मात्र उत्तर आलं नाही, म्हणून स्मरणपत्र गेलं. त्यालाही दाद मिळाली नाही, तर हाच सगळा पत्रव्यवहार जोडून राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते.