केक दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो, काय करू?

पोक केक करून बघा, म्हणजे केकला भोकं पाडून त्यात दूध मुरवायचं. साधा ८ इंची स्पंज घ्या, शक्यतो तेल घातलेला, कारण बटरवाला फ्रीजमध्ये कडक होतो. जरा निवला की टिनमध्येच चॉपस्टिकने बोटभर अंतरावर भोकं पाडा, पार तळापर्यंत नको. १ कप कोमट दुधात ४ चमचे कंडेन्स्ड मिल्क, केशर, वेलची घालून चमच्याने हळूहळू सोडा, घाई केली की सगळं कडेला साचतं आणि मधला भाग कोरडाच राहतो, माझा पहिला केक असाच गेला. झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी कापल्यावर आत केशरी रेघा दिसतात, इतकं भारी वाटतं ना! वरून फेटलेलं क्रीम, पिस्ते. दूध आहे, २ दिवसांत संपवा.