लोह अंगी लागायचं तर

ताई, सुरुवातीलाच पावडरी-गोळ्यांच्या मागे लागू नका. आपल्या बेळगाव-खानापूरकडच्या ताटात लोह असतं, पण धान्य-कडधान्यातलं लोह शरीर सहज शोषून घेत नाही.

मसुरीच्या आमटीवर लिंबू पिळा, तेही ताटात वाढल्यावर. उकळत्या आमटीत पिळलं तर क जीवनसत्त्व बरंचसं वाया जातं, आणि लोह शोषायला तेच मदत करतं. मटकी रात्रभर भिजवून फडक्यात बांधा, नखाएवढे मोड आले की शिजवा. लोह आणि जस्त धरून ठेवणारं फायटेट त्यानं कमी होतं.

हमखास होणारी चूक म्हणजे भाकरीचा शेवटचा घास संपतो न संपतो तोच चहा! चहा जेवणातलं लोह नीट शोषू देत नाही, म्हणून तो तासभर पुढे ढकला. महिनाभर एवढंच जमवा, नाचणी आंबवायचं नंतर सांगते.