पंप हाताला लागत नाही, म्हणजे ऑपरेशन फेल गेलं का?

"मॅडम, पैसे पाण्यात गेले," काका खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले आणि मग पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत, नुसते टेबलावरच्या ग्लासाकडे बघत बसले.

काका म्हणजे वय ५४, भोसरी एमआयडीसीत हायड्रॉलिक प्रेस दुरुस्त करणारे फिटर (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदललेत, आणि हे लिहायला दोघा नवराबायकोनी हो म्हटलंय). शुगर १५ वर्षांची. गोळ्या झाल्या, लिंगात घ्यायची इंजेक्शनं झाली, कशानेच कडकपणा येईना म्हणून शेवटी यूरोलॉजिस्टनी लिंगात फुगवता येणारं इम्प्लांट बसवलं, ते अंडकोषाच्या पिशवीत बसवलेला छोटा पंप कातडीवरून दाबून फुगवायचं असतं. त्याला साडेसहा आठवडे झाले होते. पाचव्या आठवड्यात डॉक्टरांनी तपासून पंप चालवून दाखवला, रोज घरी फुगवा आणि उतरवा म्हणाले, काकांनी हो हो करत मान डोलावली आणि घरी आल्यावर काही केल्या जमेना.

मी पुण्यात आठवड्यातून दोन दिवस यूरोलॉजीच्या ओपीडीशेजारी समुपदेशनाला बसते. ही तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा येते की दारातून आत येणाऱ्याची चाल बघूनच मला कळतं. पंप सापडत नाही, सापडला तर दबत नाही, दबला तर उतरत नाही, आणि शेवटी सगळ्यांचा प्रश्न एकच, माझं ऑपरेशन फेल गेलं का. म्हणून काकांचं जरा सविस्तर लिहिते.

झालं काय होतं, तर एका रात्री सगळे झोपल्यावर काकांनी बाथरूममध्ये उभं राहून कसाबसा पंप शोधला, दाबत गेले, आणि खरंच फुगलं. आनंद झाला. पण उतरवायला गेले तर उतरेना. जितकं दाबतायत तितकं जास्तच घट्ट होतंय. इंजेक्शनं चालू होती तेव्हा डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की ४ तासांपेक्षा जास्त ताठ राहिलं तर धावत या, नाहीतर कायमचं नुकसान होतं, ते वाक्य त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. घड्याळाकडे बघत बिचाऱ्यांनी रात्र काढली. पहाटे कधीतरी हात बरोबर जागी पडला आणि उतरलं. त्या दिवसापासून दहा दिवस त्यांनी पंपाला हातच लावला नव्हता. ना डॉक्टरांना फोन, ना बायकोशी बोलणं. अवघड जागेचं दुखणं म्हणतात ते हेच, आणि त्यात समोर समुपदेशक बाई बसलेली.

मी त्यांना आधी एवढंच सांगितलं की काका, तो ४ तासांचा नियम इंजेक्शनचा आहे, या इम्प्लांटचा नाही. इंजेक्शनने रक्त आत अडकून राहतं म्हणून धोका. इथे ताठरता रक्ताने येत नाही, सिलेंडरमधल्या सलाईनच्या पाण्याने येते. रात्रभर फुगलेलं राहणं चांगलं नाही, उतरत नसेल तर डॉक्टरांना फोन करायचाच, पण त्या रात्री तुमचं काही सडलं नाही, काही फुटलं नाही. हे ऐकल्यावर त्यांचे खांदे जे खाली आले ना, ते मी बघितलं.

मग मी पॅड आणि पेन त्यांच्यापुढे सरकवलं आणि म्हटलं, पोटात एक टाकी आहे, खालच्या पिशवीत अंडकोषांच्या मध्ये पंप आहे, लिंगात दोन सिलेंडर आहेत, तिन्ही नळीने जोडलेत, आता तुम्हीच सर्किट काढा. काका माझ्याकडे बघतच राहिले. ३० वर्षं लोकांच्या मशीनची सर्किटं काढणारा माणूस, पण हे आपल्याच अंगात बसवलंय म्हटल्यावर त्याकडे त्या नजरेने बघायचं त्यांना सुचलंच नव्हतं. त्यांनी टाकी काढली, पंप काढला, बाण काढले आणि मध्येच थांबून म्हणाले, "म्हणजे पंपात एनआरव्ही आहे. मी पंपाचा फुगा दाबत राहिलो तर पाणी पुढेच जाणार, मागे येणारच नाही." अगदी तेच, एनआरव्ही म्हणजे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. फुगा दाबला की टाकीतलं पाणी सिलेंडरमध्ये जातं, आणि उतरवायचं असेल तर फुग्याच्या वरचं वेगळं बटण दाबून परतीची वाट उघडावी लागते. त्या रात्री ते घाबरून फुगाच दाबत होते, म्हणजे उतरवायच्या नादात अजून भरत होते. आणि हे सगळं पाणी किती, तर एका छोट्या कपात मावेल एवढं. याचं पहिलं मॉडेल १९७३ साली अमेरिकेत ह्यूस्टनला डॉक्टर ब्रँटली स्कॉट यांनी आणलं हे सांगितल्यावर काका म्हणाले, "मग तर चांगली जुनी टेक्नॉलॉजी आहे." तेवढ्याने सुद्धा त्यांचा धीर वाढला.

पण समजणं वेगळं आणि हाताला जमणं वेगळं. माझ्याकडे डेमोचा पंप आहे, पारदर्शक, तो टेबलावर ठेवून सगळ्यांनाच जमतो. अंगात तो दिसत नाही ना. म्हणून मी तो एका जुन्या कापडी बटव्यात घालते, पान सुपारीचा असतो तसला बटवा, आणि सोबत दोन छोटे रबरी बॉल टाकते, आणि सांगते आता बाहेरून चाचपून पंप ओळखा. काकांनी पहिल्यांदा बॉलच दाबला. आणि तिथे खरी भीती बाहेर आली, "मॅडम, घरी मला हेच वाटतं की चुकून गोळी दाबली गेली तर?" ही भीती जवळपास प्रत्येकाला असते आणि कोणी बोलत नाही, म्हणून लोक पंप नुसता हळूच कुरवाळल्यासारखा दाबतात आणि मग तो दबत नाही म्हणतात. अंडकोष मऊ, अंडाकृती, जरा दाबलं तरी कळ लागते. पंप कडक, त्याला कडा आहेत, वरच्या बाजूला बटणाचा उंचवटा लागतो. बटव्यावर डोळे मिटून दहा बारा वेळा केलं की बोटांना हा फरक कळायला लागतो, नंतर डोकं लावावं लागत नाही.

घरच्यासाठी काकांना जे सांगितलं ते असं. गार पाण्याने आंघोळ केल्या केल्या शोधायला जाऊ नका, थंडीने आणि भीतीने ती कातडी आक्रसते आणि पंप वर सरकतो. गरम पाण्याने आंघोळ करा, पाच मिनिटं निवांत बसा, पिशवी सैल पडू दे. एका हाताने पंपाच्या वरची नळी धरून ठेवा म्हणजे तो पळणार नाही, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटांनी फुगा पूर्ण दाबा. पहिला दाब कडक लागतो, त्याला घाबरायचं नाही. सोडल्यावर फुगा परत भरू दे, मगच पुढचा दाब, घाई केली की नुसतेच हात दुखतात. साधारण १० ते २० दाबांत होतं, माणसामाणसात फरक. उतरवताना बटण तीन चार सेकंद दाबून धरायचं आणि मग लिंग हळू दाबायचं म्हणजे पाणी टाकीत परत जातं (काही मॉडेलमध्ये बटण एकदाच दाबून सोडायचं असतं, तुमचं कोणतं ते तुमच्या डॉक्टरांकडून हातावर हात ठेवून शिकून घ्या). पूर्वीसारखं अगदी लहान होत नाही, थोडं भरलेलं राहतं, ते बरोबर आहे.

आणि रोज कशासाठी करायचं, तर शरीर आत बसवलेल्या प्रत्येक भागाभोवती स्वतःचं पातळ कवच बनवतं. सुरुवातीच्या आठवड्यांत सिलेंडर पूर्ण फुगवलेच नाहीत तर ते कवच तोकडं बनतं, आणि टाकी परत भरलीच नाही तर तिच्याभोवतीचं कवच आवळून बसतं आणि मग आपोआप थोडं फुगायला लागतं. म्हणून काकांचे ते दहा दिवस मला जास्त खटकले. डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवलं, त्यांनी तपासलं, सगळं ठीक होतं, दिवसातून दोनदा फुगवून दहा पंधरा मिनिटं ठेवायचं ठरलं.

घर वन बीएचके, मुलगा बारावीचा, त्याची पुस्तकं हॉलभर, बाथरूम एकच. पहिल्याच दिवशी मुलाने दार वाजवलं आणि काका अर्ध्यात सोडून बाहेर आले. हे सोपं झालं ते काकूंमुळे, पण त्याआधी काकूंचं बोलायला हवं.

तिसऱ्या भेटीला मी त्यांना बोलावलं. त्या आल्या, पदर सारखा नीट करत बसल्या, काकांना मी बाहेर थांबायला सांगितलं तेव्हा कुठे म्हणाल्या, "आता बटण दाबून होणार सगळं. मग त्यात माझं काय राहिलं?" २८ वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या शरीरावरून त्यांना कळायचं की आपण याला अजून आवडतो. शुगरमुळे ते गेलं तेव्हा त्यांना वाटलं मी म्हातारी झाले म्हणून असेल, आणि आता ते परत येणार तर मशीनने. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. ऑपरेशनच्या आधी काकांनी काय विचारलं होतं, तर "सही लागली तर येशील ना?" एवढंच. मला या गोष्टीचा खरंच राग येतो, आपल्याकडे ऑपरेशनची चर्चा नवरा आणि डॉक्टर करतात आणि बायकोला डबा आणायला सांगतात.

मी त्यांना म्हटलं काकू, पंपाने कडकपणा येतो, इच्छा येत नाही. इच्छा त्यांची त्यांनाच यावी लागते, स्पर्श त्यांना पूर्वीसारखाच कळतो, शेवटचं सुखही इम्प्लांटमुळे जात नाही. फक्त कडकपणा आता इच्छेची खूण राहिली नाही, म्हणून ती खूण तोंडाने द्यावी लागेल, आणि काकांना बोलायला शिकावं लागेल. टोकाचा भाग पूर्वीइतका भरत नाही, लांबी जरा कमी वाटते, हे आधीच माहीत असू दे. फुटेल का, मला लागेल का, असं त्यांनी हळूच विचारलं. सहसा नाही, तो भाग वापरासाठीच बनवलाय, पण पाळी गेल्यावर कोरडेपणा येतो तर जेल वापरा, लाजू नका, केमिस्टकडे मिळतं. मग मी बटवा त्यांच्याही हातात दिला. काकूंनी दुसऱ्या खेपेत पंप ओळखला, वाटाणे सोलायची सवय आहे म्हणाल्या. काकांना आत बोलावलं तेव्हा त्या त्यांना दाखवत होत्या, "अहो असं, वरची नळी धरा आधी."

घरी त्यांनी मुलाला सांगून टाकलं की बाबांना डॉक्टरांनी शेक घ्यायला सांगितलाय, २० मिनिटं बाथरूम मागायचं नाही. गरम पाणी होतंच, त्यामुळे अर्धं खरंच होतं ते.

आठव्या आठवड्यात काकांना पंप न बघता, दीड दोन मिनिटांत जमायला लागला. संबंधाला डॉक्टरांनी हो म्हटल्यावरही दोघं पंधरा दिवस नुसते जवळ झोपले, हे काकूंनी सांगितलं, काकांनी नाही.

एक गोष्ट मात्र वाट बघण्यासारखी नसते. ताप, वाढत जाणारं दुखणं, लाली, पू, पंपावरची कातडी त्याला चिकटून बसल्यासारखी वाटणं, यातलं काही दिसलं तर पंप शिकणं बाजूला ठेवून त्याच दिवशी सर्जनकडे जायचं, शुगरवाल्यांनी तर अजिबात थांबायचं नाही. आणि इम्प्लांटचं कार्ड पाकिटात ठेवा, पुढे कधी दुसऱ्याच कारणाने ॲडमिट झालात आणि लघवीची नळी घालायची वेळ आली तर आधी सांगता आलं पाहिजे. भारतीय पद्धतीच्या संडासात बसणं, वजन उचलणं, खड्ड्यांतून टू व्हीलर चालवणं कधी सुरू करायचं तेही विचारून घ्या.

काका शेवटच्या भेटीला आले तेव्हा ते सर्किट ग्राफ पेपरवर शाईने नीट काढून घेऊन आले, टाकी, पंप, एनआरव्ही, परतीची लाईन, सगळी नावं मराठीत. पुढच्याला दाखवा म्हणाले. मागच्या मंगळवारी ३४ वर्षांचा एक मुलगा आला होता, ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे त्याचं, कागदाकडे बघून विचारतो, मॅडम हे एनआरव्ही काय असतं, आणि मी पॅड पुढे ओढलं.