कोकमाचा रंग इलेक्ट्रोडवर घेताना
कोकमाचा अर्क थेट सेलमध्ये (इलेक्ट्रोड बुडवतात त्या भांड्यात) ओतू नकोस. आधी नुसत्या बफरचा (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा) स्कॅन घे, म्हणजे व्होल्टेज बदलत नेत करंट मोज; त्यातच पीक दिसलं (शेतातलं नव्हे, आलेखातला करंटचा उंचवटा!) तर पुढचं सगळं वाया. प्रत्येक स्कॅननंतर ग्लासी कार्बन इलेक्ट्रोड 0.05 मायक्रॉनच्या अ‍ॅल्युमिना पावडरीवर इंग्रजी आठच्या आकड्यात घासायचा. कंटाळवाणं आहे खरं. पण अँथोसायनिनचं (कोकमाच्या लाल रंगद्रव्याचं) ऑक्सिडेशन झालं की पृष्ठभागावर पातळ थर बसतो आणि पुढच्या स्कॅनला करंट कमी येतो. मी आठवडाभर अर्कालाच दोष देत नवीन अर्क काढत बसलो होतो! पीएच आम्लीच ठेव, रंग टिकतो. पीएच एक अंकाने वाढला की पीक साधारण 59 मिलिव्होल्टनी कमी व्होल्टेजकडे सरकतं. लिंबू पिळलेलं सरबत मात्र घेऊ नकोस, क जीवनसत्त्वही त्याच व्होल्टेजच्या आसपास करंट देतं.