सॉफ्टवेअर सिंथमधलं मॉड्युलेशन राउटिंग शिकायला सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की व्हायटल हा सॉफ्टवेअर सिंथ, म्हणजे संगणकावर आवाज घडवणारं वाद्य, उतरवून घेतलं, त्यातले तयार प्रीसेट (आधीच जुळवून ठेवलेले आवाज) सुरेख वाजतात, पण मॅट्रिक्सचं पान, म्हणजे कोण कशाला हलवतं त्याची (मॉड्युलेशन राउटिंगची) यादी, उघडलं की त्या ओळींचा अर्थच लागत नाही. मीही तिथेच दोन-तीन महिने अडकलो होतो. मला वाट सापडली ती घुमटामुळे, म्हणून तिथूनच सांगतो.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला. चवथीला आमच्याकडे आरत्यांना घुमट, शामेळ (ढोलासारखं वाद्य) आणि कासाळ्याची (झांजांची) साथ असते. घुमट म्हणजे दोन्हीकडे तोंड असलेलं मातीचं भांडं. मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं असतं, पूर्वी घोरपडीचं, आता कायद्यामुळे बकरीचं. मागचं लहान तोंड मोकळं. उजवा हात कातड्यावर पडतो. डावा हात मागचं तोंड कमीजास्त झाकतो आणि त्याप्रमाणे आवाज दबतो, फुलतो, वाकतो. डाव्या हाताला स्वतःचा आवाज नाही, पण घुमट बोलतो तो त्याच्यामुळे. एका आरतीत वाजवणाऱ्या काकांच्या शेजारी बसून तो हात बघत होतो, तेव्हा लख्ख उमगलं की एलएफओ, म्हणजे सिंथमधली संथ हेलकावे देणारी लहर, हा असाच डावा हात आहे. तो ऐकू येत नाही, त्याने हलवलेलं ऐकू येतं.

मॅट्रिक्सच्या प्रत्येक ओळीत मुळात तीनच गोष्टी असतात. हलवणारा कोण, हलतं काय आणि किती. सुरुवातीला मी प्रत्येक ओळ वहीत मराठीत लिहून काढायचो, 'एलएफओ १ फिल्टरचा कटऑफ थोडा हलवतो' अशी. (फिल्टर आवाजातला काही भाग छाटतो, कटऑफ म्हणजे कुठून छाटायचं ती जागा.) तुम्हीही लिहा, फार उपयोग होतो.

आता तयार प्रीसेट बाजूला ठेवून इनिट, म्हणजे कोरा, प्रीसेट घ्या. फिल्टर १ चालू करा, कटऑफ मध्यावर आणा आणि एलएफओ १ ओढून कटऑफच्या नॉबवर सोडा. एलएफओचा वेग तालाच्या एका ठोक्याला एक फेरी इतका ठेवा. १२० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२० ठोके असताना, ती फेरी अर्ध्या सेकंदाची होते, म्हणजे कानाला सहज मोजता येते.

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून जरा थांबतो. आवाज हलतो, पण नॉबचा काटा जागच्या जागी असतो. काटा फक्त मूळ जागा दाखवतो, मॉड्युलेशन त्या जागेत भर घालतं. समजा कटऑफ १०० पैकी ५० वर आहे आणि मात्रा, म्हणजे किती हलवायचं ते, ३० दिलीय. युनिपोलर, म्हणजे एकाच दिशेने हलणारं, असेल तर कटऑफ ५० ते ८० फिरेल. बायपोलर, म्हणजे दोन्ही दिशांनी हलणारं, केलं तर व्हायटलमध्ये तो ३५ ते ६५ फिरेल, कारण आता ५० हा मध्य झाला. आणि काटा ९० वर असताना युनिपोलर ३० दिलंत तर? वर जागाच उरलेली नाही. कटऑफ १०० ला टेकून तिथेच थबकतो आणि हेलकाव्याचा माथा सपाट होतो. 'एलएफओ लावला पण फरक कळत नाही' या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. मात्रा वाढवण्याआधी काटा मागे घ्या.

स्वराला कंप द्यायचा असेल तर एलएफओ पिचवर, म्हणजे सुराच्या उंचीवर, लावा, वेग ५-६ हर्ट्झ, मात्रा अगदी थोडी, आणि बायपोलरच ठेवा. युनिपोलर राहिलं तर सूर सरासरीने चढा लागतो. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला ते लगेच टोचेल.

एन्व्हलपचा, म्हणजे चढून उतरणाऱ्या आकाराचा, स्वभाव वेगळा. तो पट्टी दाबली की एकदा धावतो. हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यांवर वाढलेल्या गोवा ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतातला तो चिवट, पिळवटणारा ॲसिड आवाज ऐकलाय ना? तो मूळचा रोलंड टीबी-३०३ चा, १९८१ सालच्या छोट्या बास यंत्राचा. त्यावर 'एन्व्ह मॉड' नावाचा एक नॉबच आहे, आणि एन्व्हलपने कटऑफ किती हलवायचा हे तो ठरवतो. म्हणजे मॅट्रिक्समधली एक ओळ, यंत्रावर कायमची बसवलेली. व्हायटलमध्ये एन्व्हलप २ कटऑफवर लावा, डीके (उतरायला लागणारा वेळ) छोटा करा, रेझोनन्स (कटऑफपाशी येणारा उठाव) वाढवा. खूप जवळ जाल.

हे हातात बसलं की मात्रेलाच हलवा. मॉड व्हील, म्हणजे कीबोर्डवरचं चाक, ओढून कंपाच्या मात्रेच्या छोट्या नॉबवर सोडा आणि ती मात्रा शून्यावर ठेवा. आता चाक वर नेल्याशिवाय कंप येणारच नाही, आणि किती यावा ते तुमचा हात ठरवेल. माझ्या मते खरं वादन इथून सुरू होतं, आणि शिकणारे नेमके इथेच कंटाळून प्रीसेटकडे परततात. कृपा करून परतू नका.

प्रीसेट लागतील ते पुढे, उकलण्यासाठी. आवडता एक घ्या, मॅट्रिक्समधली एकेक ओळ काढा आणि काय गेलं ते ऐका.

माझा पहिला स्वतःचा पॅच, म्हणजे स्वतः जुळवलेला आवाज, घुमटाचाच होता. एक साइन लहर, पिचवर झटकन उतरणारा एन्व्हलप २ आणि त्याच पिचवर मॉड व्हील. कीबोर्डवर ते चाक डावीकडेच असतं, त्यामुळे डाव्या हाताला काही वेगळं शिकवावं लागलं नाही.